‘माझी स्टाइल’ शोधताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे : ‘मला माझी स्टाइल सापडत नाही.’ लिहिणाऱ्यांत कॉलेजातली मुलं आहेत, पन्नाशीतल्या बायका आहेत आणि आजवर कपड्यांचा फारसा विचार न केलेले पुरुषही आहेत. जागेअभावी पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत मी तीनदा ‘लूक’ बदलला. आधी सगळं काळं-पांढरं, सुटसुटीत. मग फुलाफुलांचे झुळझुळीत ड्रेस. आता ढगळ जॅकेट आणि कार्गो पँट. प्रत्येक वेळी वाटतं, हीच खरी मी. दोन महिन्यांत सगळं परकं वाटायला लागतं. कपाटाचं दार लागत नाही आणि सकाळी घालायला काही सापडत नाही. मैत्रिणींना स्वतःची स्टाइल आहे, मला का नाही? (वय २९)

उत्तर : नाव असलेला कुठलाही ‘लूक’ खरेदीच्या यादीसकट येतो. बूट हे, बॅग ही, जॅकेट असं. तो फोटोसाठी जुळवलेला असतो, त्यामुळे आठ तास खुर्चीत बसणं, जिने चढणं, हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढणं यांचा विचार त्यात नसतो. तुमचं आयुष्य त्या कपड्यांना दोन महिन्यांत नापास करतं आणि तुम्ही मात्र स्वतःलाच नापास समजता. तसं समजू नका.

आपण मागे पडतोय ही भावनाही तुमच्या एकटीची नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनबद्दल लिहिताना दाखवून दिलं होतं की माणसाला चार जणांसारखं दिसायचं असतं आणि त्याच वेळी चार जणांत वेगळंही दिसायचं असतं. फॅशन या दोन्ही इच्छांवर चालते. एखादी गोष्ट सर्वांपर्यंत पोचली, की पुढे असणारे ती सोडून देतात. या शर्यतीत शेवटची रेषाच नाही, त्यामुळे कितीही खरेदी केली तरी पोचल्याचं समाधान मिळत नाही.

स्टाइल आधी ठरवून मग अंगावर चढवता येत नाही. आपण काय पुन्हा पुन्हा घालतो, हे मागे वळून पाहिलं की ती दिसते. त्यासाठी चार आठवड्यांची नोंद ठेवा. एक छोटी वही घ्या आणि रोज रात्री तीन गोष्टी लिहा : काय घातलं, कुठे गेले, आणि दिवसभरात ते किती वेळा ओढून सरळ करावं लागलं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गळा सारखा वर घ्यावा लागतो, कंबरेची पट्टी खाली घसरते, बाही कोपरात अडकते, हे आरशात दिसत नाही, वहीत दिसतं. या २८ दिवसांत नवीन काही घ्यायचं नाही. २८ दिवसच का, तर तेवढ्यात कपडे तीन-चार वेळा धुवून परत येतात, आणि वाळल्याबरोबर घडीही न घालता तुम्ही जे उचलता, तेच तुमचं आवडतं असतं.

महिना संपला की सर्वाधिक वेळा घातलेले आठ-दहा कपडे पलंगावर मांडा. सुटे कपडे बघू नका, त्यांच्यातलं सारखेपण बघा : गळ्याचा आकार, बाहीची लांबी, कंबर कुठे येते, कापड जाड की तलम, रंग एकसलग की छापील. बहुतेकांच्या ढिगात तीन-चार गोष्टी सारख्या निघतात. उदाहरणार्थ, ‘गळा बंद, बाही कोपरापर्यंत, जाडसर सुती, एकरंगी’. ही ओळ लिहून ठेवा. पुढची खरेदी या ओळीशी ताडून करायची.

दुसरा ढीग एकदाही न घातलेल्या कपड्यांचा. प्रत्येकापुढे कारण लिहा : बसत नाही, टोचतं, कशाबरोबर जात नाही, किंवा घालून जायला प्रसंग नाही. पहिल्या कारणाला शिलाई आहे, तिसऱ्याला कधी कधी एखादी साधी पँट पुरते. चौथं कारण मात्र नीट बघा. आपण जगत नाही त्या आयुष्यासाठी घेतलेले कपडे तिथे असतात. दिवसाचे जागे तास १६ धरले, तर आठवड्याचे ११२ होतात. त्यांतले कामाचे किती, घरातले किती, समारंभाचे किती, हे मोजा आणि कपाटातलं प्रमाण त्याशेजारी मांडा. समारंभाला आठवड्यात ३ तास आणि कपाटात तिसरा हिस्सा, हे चित्र आम्हांला फार वेळा दिसतं.

या नोंदीत दोन चुका होतात. वही ठेवायला लागल्यावर माणूस वहीसाठी सजायला लागतो, म्हणून पहिला आठवडा हिशेबात धरू नका. शिवाय एका ऋतूची नोंद दुसऱ्याला लागू पडत नाही. हवा बदलली की दोन आठवडे पुन्हा लिहा.

आणि मैत्रिणींबद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर कोणाचं चित्र आहे हे निम्म्या जणांच्या लक्षात आलं असेल, असा तो घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आलं. तुमचे तीन ‘लूक’ तुम्हांला जेवढे लख्ख आठवतात, तेवढे मैत्रिणींना आठवत असण्याची शक्यता कमी आहे.

प्रश्न : एक चांगलं लेदर जॅकेट घेतलं. त्याला शोभतील म्हणून बूट घेतले, मग बेल्ट, मग दोन पँट, आता जुनी बॅग नजरेला खुपते आहे. खर्च जॅकेटच्या तिप्पट झाला. हे थांबवायचं कसं? (वय ४१)

उत्तर : या साखळीला नाव आहे. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो यांना एक नवा झगा मिळाला. त्याच्यापुढे खोलीतली जुनी खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रं केविलवाणी दिसू लागली आणि एकेक वस्तू बदलत गेली. १७६९ मध्ये त्यांनी जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळून हे लिहिलं. १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं.

साखळी पहिल्या कडीलाच तोडावी लागते. काही घेण्याआधी, घरात आज असलेल्या कपड्यांसह त्याच्या तीन जोड्या कागदावर लिहा. बुटांसकट. ‘निळ्या जीन्सवर’ एवढं पुरत नाही, ‘निळी जीन्स, राखाडी टी-शर्ट, तपकिरी बूट’ असं लिहा. तीन जोड्या होत नसतील, तर त्या वस्तूची खरी किंमत दुकानाच्या चिठ्ठीवरची नाही. सोबत लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत तिच्यात मिळवा आणि मग ठरवा. वस्तू घरी आली की किमतीची चिठ्ठी न काढता त्या तीन जोड्या घालून प्रत्येकी २० मिनिटं घरात वावरा, बसा, वाका. परतीची मुदत त्यासाठीच असते.

ऑनलाइन घेत असाल, तर खरेदीच्या वाटेत मुद्दाम थोडे अडथळे ठेवा. साठवलेला कार्ड नंबर काढून टाका, दुकानांच्या सूचना बंद करा आणि हवी ती वस्तू टोपलीत न टाकता तारखेसह वहीत लिहा. दहा दिवसांनी वही उघडा. ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ हे त्या दहा दिवसांना घाबरूनच लावलेलं असतं. फुकट घरपोचसाठी रक्कम भरायची म्हणून घेतलेली शेवटची वस्तू बहुधा पहिल्या प्रश्नातल्या दुसऱ्या ढिगात जाते. घरपोचीचे पैसे देणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

बॅगेचं म्हणाल, तर ती सहा आठवडे बदलू नका. नव्या जॅकेटला चार सुरकुत्या पडल्या की दोघांतलं अंतर आपोआप कमी होतं.

प्रश्न : रंगांच्या चाचणीत एकीने मला ‘शरद’ सांगितलं, दुसरीने ‘हिवाळा’. पहिलीच्या मते मी काळं घालूच नये. माझे निम्मे कपडे काळे आहेत. टाकून देऊ?

उत्तर : टाकू नका. माणसांना चार ऋतूंच्या रंगांत वाटण्याची ही पद्धत १९८० च्या दशकात खूप पसरली. ती त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगछटांवर उभी आहे. केस आणि डोळे दोन्ही काळे असलेल्या बहुतेकांना तिची मूळ मांडणी सरसकट ‘हिवाळ्यात’ टाकते, मग त्वचेचा रंग कुठलाही असो. शिवाय निकाल खोलीतल्या दिव्यावर अवलंबून राहतो, म्हणून दोन ठिकाणी दोन उत्तरं येतात.

घरी करून बघा. दिवसा, खिडकीकडे तोंड करून, पण अंगावर थेट ऊन न घेता बसा. मेकअप नको. केस पांढऱ्या कापडाने झाका. फोन वापरू नका, कारण फोन स्वतःच रंग बदलून दाखवतो. साधा आरसा घ्या. हनुवटीखाली एक कापड धरा, मग लगेच दुसरं. कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघा : डोळ्यांखालच्या सावल्या गडद होतात का, ओठांचा रंग उडतो का. नेहमी जोडीने तुलना करा. शुभ्र आणि मोतिया, काळा आणि गडद तपकिरी, निळसर लाल आणि केशरी लाल, गडद आणि फिका निळा. चार जोड्या पुरे. फरक दिसलाच नाही, तर दोन्ही चालतात, आणि पुष्कळांना दोन्ही चालतात.

काळा खरंच चेहरा ओढून नेत असेल, तर प्रश्न फक्त गळ्यापासच्या वीतभर जागेचा आहे. गळा थोडा मोकळा ठेवा किंवा तिथे दुसऱ्या रंगाची कॉलर, स्कार्फ येऊ द्या. काळी पँट, काळे बूट, उघडं राहणारं काळं जॅकेट यांचा चेहऱ्याशी काही संबंध नाही. दुकानात मात्र रंग दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघायचा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात वेगळी दिसतात. काळ्या-काळ्याची, निळ्या-निळ्याची जोडी फसते ती यामुळेच.

प्रश्न : एका कंपनीचा मला ‘एम’ बसतो, दुसरीचा ‘एक्सएल’ही काखेत काचतो. ऑनलाइन मागवलेलं निम्मं परत जातं. ट्रायल रूममधून दर वेळी स्वतःच्या शरीरावर चिडून बाहेर पडते. (वय ३४)

उत्तर : या पत्राला सर्वांत जास्त जागा देतो आहोत, कारण ‘स्टाइल नाही’ म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी मुळात मापाच्या असतात.

कपड्यावरचा आकडा हे तुमचं माप नव्हे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली गेली, त्यांतून १९५८ मध्ये एक प्रमाण तयार झालं. १९७० मध्ये ते ऐच्छिक झालं आणि १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. सगळ्यांना बसेल असा एक तक्ता टिकला नाही. आज प्रत्येक कंपनी आपल्या एका ठरलेल्या शरीरावर नमुना बसवते आणि त्यावरून बाकीचे आकार वाढवत-घटवत नेते. त्या शरीराचे खांदे तुमच्यासारखे नसतील, तर त्या कंपनीचा कुठलाच आकार तुम्हांला नीट बसणार नाही. त्यात कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून कापतात, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन शर्टांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

म्हणून शरीराऐवजी कपडा मोजा. तुमचा सर्वांत नीट बसणारा शर्ट बटणं लावून सपाट पसरा, ओढू नका. चार मापं घ्या : काखेपासून काखेपर्यंत (दुप्पट केलं की छातीचा घेर), पाठीवर एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत, आणि गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत उंची. पँटची पाच : कंबरपट्टी दुप्पट करून, पायांच्या जोडापासून पुढून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत, जोडाखाली दोन बोटांवर मांडीची रुंदी, आतल्या बाजूची लांबी आणि मोहरी (पायाच्या खालच्या टोकाची रुंदी). ही नऊ मापं फोनमध्ये ठेवा.

खरेदीच्या पानावर दोन प्रकारचे तक्ते असतात, शरीराचे आणि तयार कपड्याचे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. शरीराच्या तक्त्याशी कपड्याचं माप ताडलं, तर आकार मोठा येतो. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टात छातीच्या मापावर साधारण ८ ते १२ सेंटिमीटर ढील लागते. ५ च्या आत आली, की बसल्यावर बटणांमध्ये फटी पडतात. १५ च्या पुढे तो ढगळ दिसतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला ० ते ५ पुरते.

ट्रायल रूममध्ये आरशाकडे बघण्याआधी तीन हालचाली करा. खाली बसा, दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा, हात वर करा. मग सुरकुत्या वाचा, त्या खरं बोलतात. बटणाभोवती फुलीसारख्या घड्या म्हणजे तिथे तंग. पायांच्या जोडापासून मांड्यांकडे ताणलेल्या मिशांसारख्या रेषा म्हणजे मांडीत किंवा बैठकीत (कंबरेपासून पायांच्या जोडापर्यंतच्या भागात) कमी. कॉलरखाली पाठीवर आडवी वळी म्हणजे खांद्यांचा उतार जुळत नाही. उभ्या लोंबत्या घड्या म्हणजे कापड जास्त आहे. तुमच्या पत्रातलं काखेतलं काचणं हे मुंढा (बाही जोडतात तो गोल भाग) फार वर किंवा अरुंद असल्याचं लक्षण आहे. आकार वाढवून ते सुटत नाही, छाती तेवढी ढगळ होते. त्या कंपनीचे शर्ट सोडून द्या, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुरुस्ती. उंची कमी करणं, बाजूंनी आत घेणं, बाही आखूड करणं सोपं. बाजूंनी एकूण ४-५ सेंटिमीटरपर्यंतच घ्या, त्यापुढे खिसे आणि मुंढे जागेवरून हलतात. पँटची कंबर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी केली, तर मागचे खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. सैल करायचं असेल तर कपडा उलटा करून आत माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) किती सोडली आहे ते बघा. मायाच नसेल, तर कुणीही कारागीर काही करू शकत नाही. वापरलेला कपडा उसवून सैल केला, की जुन्या टाक्यांची भोकं आणि न विटलेल्या कापडाची पट्टी उघडी पडते, हेही आधी माहीत असू द्या. खांदा, मुंढा आणि आखूड पडलेली बैठक यांच्या वाटेला जाऊ नका. या तिन्हीपैकी एक चुकलं असेल, तर कपडा कितीही आवडला तरी तिथेच ठेवा.

आणि सुती पँट नवी असताना खालून कापून घेऊ नका. आटू नये म्हणून प्रक्रिया न केलेलं सुती कापड पहिल्या धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकतं. ७५ सेंटिमीटरच्या लांबीत ४ टक्के म्हणजे ३ सेंटिमीटर. दोनदा धुवा, वाळवा, नेहमीचे बूट घाला, मग खूण करा.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. दर आठवड्याला नवं काही हवं असतं. नाही म्हटलं की म्हणते, ‘तेच तेच घातलं तर मुली हसतात.’ मी काय करावं?

उत्तर : तिची लाज खरी आहे, हे आधी मान्य करा. सगळ्यांची नजर आपल्यावर आहे असं या वयात फार तीव्रतेने वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये त्याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं. ‘कुणी बघत नाही’ असं सांगून ते प्रेक्षक उठून जात नाहीत.

तीन महिन्यांचे कपड्यांचे पैसे एकदम तिच्या हाती द्या. अंतर्वस्त्रं, शाळेचे कपडे, बूट आणि थंडी-पावसाचे कपडे त्यातून वगळा, ते तुमच्याकडे. रकमेवर आगाऊ उचल नाही, उरलेले पैसे तिचे. पहिल्या तिमाहीत ती बहुधा दोन आठवड्यांत सगळं उडवेल. तेव्हा तुम्ही भर घातलीत, तर पद्धत तिथेच संपली. रागावूही नका, थांबा. दुसऱ्या तिमाहीत ती स्वतःहून किमती विचारायला लागेल. सोबत बटण लावणं, खालची दुमड हाताने घालणं आणि फाटलेली शिवण सांधणं या तीन गोष्टी शिकवा. मैत्रिणींमध्ये कपड्यांची अदलाबदल करायला हरकत घेऊ नका. तिच्या कपड्यांवर बोलताना तिच्या शरीरावर बोलू नका, चांगलं सुद्धा नको.

एक गोष्ट मात्र शांतपणे विचारा : हसतं कोण? नावं दर वेळी तीच दोन-तीन असतील, तर प्रश्न कपड्यांचा नाही. तिला छळलं जातंय, आणि तिच्या वर्गशिक्षकांशी बोलण्याचं काम तुमचं आहे.

प्रश्न : कपाटात ३३ च वस्तू असाव्यात म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर : ३३ मध्ये काही शास्त्र नाही. तुमचा आकडा धुण्यावरून निघतो. दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळायला लागणारे दिवस, अधिक १. चार दिवसांनी धुणं आणि दोन दिवसांत वाळणं, तर रोज बदलायचे शर्ट ७. पँट तीनदा घालून धुवत असाल, तर ३. फक्त आधी सगळं काढून टाकून मग ‘मोजके’ नवे कपडे घेऊ नका, ती पुन्हा खरेदीच झाली. शंका असलेले कपडे खोक्यात भरून, तारीख घालून, सहा महिने बाजूला ठेवा.

प्रश्न : मला स्टाइल नकोच आहे. साधे, एकसारखे शर्ट घालतो. ऑफिसात सगळे म्हणतात, ‘स्वतःवर थोडा खर्च कर.’ मी चुकतो आहे का? (वय ३८)

उत्तर : नाही. कपड्यांतून व्यक्त होणं ही आवड आहे, कर्तव्य नाही. ज्यांना त्यात आनंद आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, तुमचा आनंद दुसरीकडे असेल. ‘मला हेच बरं वाटतं’ एवढं उत्तर पुरेसं आहे, त्याला कारण जोडू नका, जोडलं की त्यावर चर्चा सुरू होते.

एकसारखे कपडे नीट दिसावेत यासाठी थोडी काळजी घ्या. नेमका बसणारा नमुना मिळाला, की पाच-सहा शर्ट एकाच वेळी घ्या. कंपन्या नमुने बंद करतात आणि पुढच्या वेळी रंगवलेल्या ताग्याची छटा थोडी वेगळी येते. धुतलेला शर्ट गठ्ठ्याच्या तळाशी ठेवा आणि घालताना वरचा उचला, म्हणजे सगळे सारखे विटतात. उलटे करून, गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. कॉलरची घडी आणि बाहीची कड आधी झिजते. दोन शर्टांची तिथे सुतं दिसायला लागली, की पुढचा संच बघायला सुरुवात करा, आणि नव्या शर्टाची छटा ताडायला जुन्यांतला सर्वांत कमी विटलेला एक सोबत घेऊन जा.